गिरण्यांच्या संग्रहालयात आमची खोलीही असू द्या

प्रति,
मुंबईच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम पाहणारे महापालिकेचे अधिकारी, वास्तुविशारद, अभ्यासक आणि सल्लागार यांस

सप्रेम नमस्कार.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा गिरणगावात वाढलेल्या आमच्यासारख्यांना फार बरं वाटलं. गिरण्यांच्या जमिनींवर काय काय उभं राहिलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. निदान एका गिरणीच्या आवारात गिरणीचीच आठवण राहणार, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच आत काय मांडायचं ते ठरवताना आमचंही म्हणणं तुमच्या कानावर असावं, यासाठी हे पत्र.

माझा जन्म १९५० चा, लालबागचा. वडील कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात, काका कापड विणायच्या साचाखात्यात, आणि आईची आई सूत गुंडाळायच्या वाइंडिंगला. या तिघांची नावं गिरण्यांच्या हजेरीपटावर होती. माझ्या आईचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. पण ती पहाटे ४ वाजता उठून चूल पेटवत नसती, तर हे तिघं सातच्या पाळीला गेटवर पोचले नसते, आणि त्यांच्यासारखी आणखी कितीतरी माणसंही उपाशीच कामाला लागली असती. माझी मागणी एवढीच आहे: या संग्रहालयात यंत्रांच्या बरोबरीनं घराला जागा मिळावी. सजावटीपुरता एक कोपरा नको. गिरणी ज्या घरांच्या जोरावर चालली ती घरं, त्यातल्या बायका आणि आम्ही मुलं, हा त्या इतिहासाचा भाग म्हणून मांडला जावा.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली, हे तुमच्या पहिल्याच फलकावर असेल, आणि असायलाच हवं. आमच्या घराची गोष्ट मात्र दुसऱ्या महायुद्धापासून सुरू होते. लष्कराला कापड पुरवण्यासाठी गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या आणि कोकणातून, घाटावरून पोरं मुंबईच्या वाटेला लागली. युद्ध संपता संपता बाबाही आले. गावच्या माणसानं कामगार भरणाऱ्या जॉबरच्या कानावर घातलं आणि ते बदली म्हणून लागले. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कायमवाल्यांपैकी कुणी गैरहजर असलं तर त्या दिवसापुरतं काम मिळवायचं. काम नाही मिळालं तर परत. कायम व्हायला त्यांना इतकी वर्षं लागली, की माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा ते बदलीच होते. त्या काळी रात्रीच्या जेवणाला आमच्या घरात उद्या काम आहे की नाही हा विषय नसायचा, कारण ते कुणालाच माहीत नसायचं.

खोली १० बाय १२ ची. आम्ही चार भावंडं, आई-बाबा, आजी आणि काका. वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला संडास. एवढ्याशा जागेत आठ माणसं कशी मावत असतील, असं माझी नातवंडं विचारतात. खरं उत्तर असं, की आठही जण एका वेळी कधी झोपलेच नाहीत. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२, तिसरी १२ ते सकाळी ७. काका दुसऱ्या पाळीला आणि बाबा तिसऱ्या पाळीला असले, की रात्री बाराच्या सुमाराला एक गोधडी सोडायचा आणि थोड्या वेळानं दुसरा तिच्यात शिरायचा. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्यांमध्ये तर हेच वीस-पंचवीस माणसांच्या हिशोबानं चालायचं. ज्याची वळकटी ज्या खुंटीला, ती त्याची मालमत्ता.

रातपाळीच्या आठवड्यात आमचं बालपण कुजबुजीत जायचं. बाबा सकाळी यायचे, गॅलरीतच सदरा काढून झटकायचे, कारण भुवयांपासून कानांच्या पाळ्यांपर्यंत कापसाची बारीक लव चिकटलेली असायची. मग आंघोळ, भाकरी, आणि खिडकीला चादर टांगून झोप. तिथपासून दुपारपर्यंत घरात आवाज करायचा नाही. तपेलं खाली ठेवताना आई त्याखाली फडकं धरायची. आम्ही पाढे ओठातल्या ओठात म्हणायचो. धाकट्याला रडू आलं की कडेवर घेऊन मी जिन्यावर जाऊन बसायची. शेजारच्या खोलीतही कुणीतरी रातपाळीवाला असायचाच, त्यामुळे अख्खा मजला दबक्या आवाजात वावरायचा. गिरणीत रात्रभर माणसाला जागं ठेवलं, त्याची किंमत दिवसा मुलांनी गप्प राहून भरली. हे कुठल्या पगारपत्रकात येणार? पण तुमच्या संग्रहालयात यायला काय हरकत आहे?

काकांच्या बाबतीत नेमकं उलटं. साचाखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायचे. तिथं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांवरून माणसं एकमेकांशी बोलायची. काका घरीही तसेच बोलायचे. पाणी हवं तर अंगठा ओठाशी, जॉबर वैतागला होता तर दोन बोटं कपाळाशी. आम्हा भावंडांना त्या सगळ्या खुणा पाठ होत्या आणि शाळेत बाई पाठमोऱ्या झाल्या की आम्ही त्याच वापरायचो. काकांना पन्नाशीच्या आत ऐकू येईनासं झालं. म्हणून विनंती आहे, की संग्रहालयात साचे ठेवाल ते नुसते पुसून, रंगवून उभे करू नका. दिवसातून एकदा तरी काही साचे एकदम चालवा, आवाज कमी न करता. पाहायला आलेल्या मुलांना आपल्या आईशी बोलता येऊ नये, इतका आवाज होऊ द्या.

आणि साच्याचीच गोष्ट निघाली आहे तर एक कडू गोष्टही त्याच दालनात लिहा. साच्यावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागतं, या कारणावरून दलित कामगारांना साचाखात्यात घेत नसत. साचाखात्यातला पगार कताईपेक्षा चांगला होता, म्हणजे विटाळ पाळला गेला तो नेमका पैशाच्या जागी. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांच्या एकजुटीवर माझा आजही विश्वास आहे, मी तिचं बळ पाहिलंय. पण त्या एकजुटीत कुणाला पाण्याचं वेगळं भांडं होतं, हे लपवून केलेला गौरव आम्हाला नको.

आता बाबांविषयी. सोमवार त्यांना जड जायचा. रविवारी सुट्टी असली की खोकला कमी व्हायचा, माणूस हसायचा, आम्हाला राणीच्या बागेत न्यायचा. सोमवारी पाळीवरून आले की छातीवर दगड ठेवल्यासारखे भिंतीला टेकून बसायचे. आई म्हणायची, आराम सोसत नाही यांना. मी पुढे नर्स झाले आणि शिकताना बिसिनोसिस या रोगाचं वर्णन वाचलं. कापसाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा रोग, कापूस मोकळा करायची ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये सर्वांत जास्त, आणि त्याची ओळखीची खूण म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. त्या पानावर माझे बाबाच होते. त्यांच्या केसपेपरवर मात्र शेवटपर्यंत दमा आणि विडीचा परिणाम एवढंच लिहिलं जात होतं. विडी ते ओढत होते, खरं आहे. पण विडीला सोमवार कळत नाही. कार्डिंग मशीन मांडाल तिथं या रोगाची माहिती ठळक अक्षरांत लिहा. ज्यांचे आजोबा दम्यानं गेले असं घरात सांगितलं जातं, अशी खूप माणसं तुमच्या दालनातून फिरणार आहेत. त्यांना ती वाचू द्या.

आजीचा काळ आणखी मागचा. तिच्या तरुणपणी गिरण्यांमध्ये पाच कामगारांत साधारण एक बाई असायची, रिळिंग-वाइंडिंगच्या खात्यांत तर बायकाच, आणि त्यांच्यावर नाईकीण, म्हणजे बाई जॉबर. तिची पहिली मुलगी झाली तेव्हा मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदाही नव्हता. तो १९२९ चा. बाळाला घरी ठेवून जायचं तर ते दिवसभर झोपलेलं हवं, म्हणून बायका बाळगोळी द्यायच्या. तिच्यात अफू असायची. आजीनंही दिली. ती मुलगी वर्षाची होण्याआधी गेली. गोळीनं गेली की तापानं, आजीला कधी कळलं नाही आणि ती त्याबद्दल आमच्या आईशीही बोलायची नाही. मला सांगितलं ते मी नर्स झाल्यावर, आणि तेही विचारायला म्हणून: तेवढ्याशा गोळीनं होतं का गं असं? पुढे गिरण्यांमधून बायका कमी कमी होत गेल्या. नवी यंत्रं आली, बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्यानं बंदी, पाळणाघराचा खर्च, आणि कपात करायची वेळ आली की पहिला नंबर त्यांचा. माझ्या लहानपणी आमच्या मजल्यावर गिरणीत जाणारी आजी एकटीच उरली होती.

बायका गिरणीतून बाहेर पडल्या, गिरणीच्या कामातून नव्हे. आमच्या आईची खानावळ होती. गावी बायको-मुलं ठेवून आलेले कामगार तिचे मेंबर. कुणी घरी जेवायला यायचे, कुणाचा डबा गेटवर पोचवायचा. डबे आम्ही मुलं न्यायचो. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत गेटवर असायला हवं, नाहीतर मेंबर उपाशी राहायचा आणि संध्याकाळी पाठीत धपाटा बसायचा. भोंगे ओळखू यायचे आम्हाला. कुठल्या गिरणीचा जाड, कुठल्याचा चिरका, आणि कुठला दोन मिनिटं आधी वाजतो. रोज भाकरी-कालवण-भात, बुधवारी बोंबील किंवा जवळा, पगार झाल्यावरच्या रविवारी मटण. साठच्या दशकात रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापताना चिरायची. आई त्यात जरा गव्हाचं पीठ घालून ती सांधायची, कारण तुटकी भाकरी डब्यात पाठवायला तिला लाज वाटायची.

हिशोब ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. मी चौथीत गेल्यावर मला वही आणून दिली आणि रोज रात्री तोंडी सांगू लागली, मी लिहीत गेले. एका बाजूला नाव आणि गाव, दुसऱ्या बाजूला खाडे. जेवला नाही त्या दिवसाचेही पैसे ती एरवी घ्यायची, पण आजारपणाचा खाडा असला तर त्याच्यापुढे मला टिंब द्यायला सांगायची. टिंबाचे पैसे घ्यायचे नाहीत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा आई कर्जाच्या कागदावर सही करायला शिकली. वयाच्या पंचेचाळिशीत. तोवर तिचं सगळं भांडवल सावकाराच्या व्याजानं आणलेलं होतं आणि तिनं वाढलेल्या प्रत्येक ताटात ते व्याज होतं. गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या. मालकांच्या तसबिरी लागतील, पुढाऱ्यांच्या लागतील, लागू देत. खानावळवाल्यांचीही एक भिंत करा, नावांसकट. नावं आम्ही गोळा करून देऊ.

चाळीबद्दल बोलताना लोक हल्ली फार गोड बोलतात. दारं उघडी, एकमेकांच्या घरी वाटी जायची, गणपतीत सगळे एक. हे होतंच. दिवाळीच्या बोनसला गिरणीच्या दुकानातून फेंटचं, म्हणजे उरलेल्या तुकड्यांचं, कापड वजनावर यायचं आणि आम्हा चौघांचे शर्ट-फ्रॉक एकाच फुलाफुलांच्या कापडाचे व्हायचे, त्या दिवसांसारखं सुख मला पुढं नव्या साडीतही मिळालं नाही. नरे पार्कातली कबड्डी, दामोदर हॉलमधली कामगारांची नाटकं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या जानेवारी १९५६ च्या गोळीबारात दार लावून जमिनीवर पालथे पडलेले आम्ही आणि १ मे १९६० च्या रात्री त्याच गल्लीत नाचलेली तीच माणसं, हे सगळं माझ्या अंगात आहे. पण त्याच चाळीत पहाटे नळावर हंडे आपटत भांडणं व्हायची, आणि संडासाची रांग टाळायला मोठ्या मुली अंधार पडायची वाट बघत दिवसभर पाणी कमी प्यायच्या. मीही. तुम्ही चाळीची खोली उभी कराल तेव्हा ती खऱ्या मापाची करा, काच लावून लांबून दाखवू नका, लोकांना आत जाऊन बसू द्या. आणि संडास विसरू नका.

१९८२ चा संप मी इथं थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर बोलणारे जाणकार तुमच्याकडे असतील. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. आमच्या घरातलं सांगते. पहिले काही महिने आईनं मेंबरांना उधारीवर जेवू घातलं. संप मिटला की देतील, असं ती म्हणायची, आणि तेही तसंच म्हणायचे, खोटं कुणी बोलत नव्हतं. मग एकेक जण गावी गेला. जाताना पाया पडून गेले. वहीत त्यांच्या नावापुढची बाकी वाढत गेली आणि एका पानावर थांबली. ती खानावळ पुन्हा उभी राहिली नाही. बाबा तर त्यानंतर गिरणीच्या गेटवरून जायचंच टाळायचे. संपात किती कामगारांचे रोजगार गेले याचा हिशोब अनेक ठिकाणी सापडेल, पण त्यांच्या मागे बुडालेल्या खानावळी, मेस, गेटवरच्या भाजीवाल्या, गोधड्या शिवणाऱ्या बायका यांचा हिशोब मला कुठे वाचायला मिळालेला नाही. तो तुमच्या संग्रहालयात मिळावा.

हे सगळं करायला आता वेळ थोडा आहे. यंत्रं वाट पाहू शकतात. बाबा-काकांच्या पिढीतलं आमच्या ओळखीत कुणी उरलं नाही, आणि आम्ही मुलंही आता सत्तरी ओलांडलेली आहोत. कुणी वसई-विरारला, कुणी डोंबिवलीला, कुणी गावी परत गेलेले. घरांसाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची यादी म्हाडाकडे आहे, तीत दीड लाखाहून जास्त नावं आहेत. त्यांच्यापर्यंत निरोप पोचवणं अवघड नाही. आमची उत्तरं लिहून घेऊ नका, आवाज ध्वनिमुद्रित करा, कारण कोकणी आणि घाटी बोलींची जी खिचडी गिरणगावात शिजली ती कागदावर येत नाही. बायकांशी बोलायला बायका पाठवा, आणि त्या एकट्या असताना पाठवा. नवरे-मुलगे खोलीत असले की त्या म्हणतात, मी काय सांगणार, मी तर घरातच होते.

माझ्याकडे काकांचा एक धोटा आहे, बाबांचं बदली कार्ड आहे, आणि आईच्या खानावळीच्या तीन वह्या आहेत. हे सगळं मी संग्रहालयाला द्यायला तयार आहे, मोबदला नको. धोटा आणि कार्ड कसंही ठेवा. वह्यांसाठी मात्र एक अट लेखी हवी. खाड्यांची, टिंबांची, कालवणाच्या हिशोबाची पानं खुशाल उघडी ठेवा. संपातल्या उधारीची पानं नावं झाकल्याशिवाय कुणालाही दाखवायची नाहीत. त्या माणसांची नातवंडं तुमच्याकडे तिकीट काढून येतील, आणि आईनं ती बाकी कधीच कुणाकडे मागितली नव्हती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

एका कार्डिंगवाल्याची आणि खानावळवाल्या बाईंची मुलगी
लालबाग, मुंबई